धुरा फुटला म्हणून माती वाहू द्यायची का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

भाऊ, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. नागपुरात फॅनखाली बसून माती वाचवा म्हणणं सोपं आहे, बांधबंदिस्तीत तुमची जमीन गेली, वरून मोठ्या पावसात धुरा (शेताचा बांध) फुटून सोयाबीन गेलं, आणि या जनजागृतीच्या सभांत चहा-पोह्यांपलीकडे काही हाती लागत नाही, असं तुमचं म्हणणं. राग रास्त आहे. पण त्यावरून "हे सगळं शेतकऱ्याच्या कामाचं नाही" असं जे तुम्ही ठरवून टाकलं ते मला अजिबात पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी धुऱ्याचं. तुमची जमीन तुम्हीच लिहिलंय तशी खोल काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि चांगला पाऊस लागून राहिला की तीच माती फुगून भेगा बुजतात, मग पाणी मुरणं जवळपास थांबतं आणि वरच्या वर धावायला लागतं. त्यात आपल्याकडे पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास. अशा जमिनीत समपातळी बांध (एकाच पातळीत, उताराला आडवे) घालून पाणी कोंडलं तर पीक पिवळं पडतं आणि भेगाळलेला बांध कुठंतरी फुटतोच. ते बांध कमी पावसाच्या, पाणी मुरणाऱ्या जमिनीसाठी असतात. भारी जमिनीत ढाळीचा बांध पाहिजे, म्हणजे पाणी बांधाच्या कडेनं हळूहळू सरकत जाऊन दगडी सांडव्यातून (जास्तीचं पाणी जायला ठेवलेल्या वाटेतून) बाहेर पडतं. तुमच्या कॉमेंटमध्ये सांडव्याचा उल्लेखच नाही. तो ठेवलाच नसेल तर काम चुकीचं झालं, पण म्हणून माती अडवणं चुकीचं ठरत नाही.

सभांबद्दल मात्र तुमच्याशी बराच सहमत आहे. देशात हेक्टरी सरासरी १६ टनांच्या वर माती दरवर्षी जागची हलते, हा १९८३ सालचा अंदाज अजूनही सांगतात, आणि ऐकणारा मान हलवून घरी जातो. त्यापेक्षा त्याला त्याच्याच वावरात न्या ना! एकरावरून एक मिलिमीटर थर गेला तर ती साधारण पाच टन माती होते, आणि एक मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. दिसतं ते हे, की वरच्या धुऱ्याकडे चुनखडीचे पांढरे खडे उघडे पडलेत, तिथलं सोयाबीन टोंगळ्याएवढंही (गुडघ्याएवढंही) होत नाही, आणि खालच्या कोपऱ्यात पाय रुतेल असा मऊ गाळ बसलाय. तुम्ही टाकलेलं खतही त्याच गाळासोबत खाली गेलं. बाकीचं नाल्यानं तलावात. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावातला गाळ शेतकरी ट्रॉली लावून वावरात आणतात, चांगलंच आहे, पण ती आपल्याच शिवारातली माती आहे हो, तिला जाऊच का द्यायचं?

पैसे नाहीत म्हणता, तर बिनपैशाचं आधी करा. पेरणी उताराला आडवी घ्या. उताराच्या दिशेनं तासं काढली की प्रत्येक तास पाण्याला वाट करून देतं, जुलैच्या एका पावसात त्यात बोटभर खोल ओघळी पडतात. वावर अरुंद-लांब असेल तर ट्रॅक्टरवाला कुरकुर करतो, फेरे वाढतात, मान्य. तसं असेल तर निदान डवरणीच्या (कोळपणीच्या) वेळी डवऱ्याच्या जानोळ्याला (पातं धरणाऱ्या दांड्याला) दोरी गच्च गुंडाळून तीन-चार ओळींनंतर एक सरी काढा, पण उताराला आडवी. पावसानं दडी मारली की त्या सरीत मुरलेलं पाणी कामी येतं, आणि शेतकऱ्याला पटतं ते हेच, त्याच हंगामात दिसणारं. पुढे जमलं तर बीबीएफनं (रुंद वरंबा-सरी पाडणाऱ्या पेरणी यंत्रानं) रुंद वरंब्यावर पेरा, जास्तीचं पाणी सरीतून सावकाश निघतं. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं १९७६ पासून काळ्या जमिनीवर वर्षानुवर्षं हे तपासलं, जुन्या पद्धतीच्या मानानं माती वाहून जाणं साधारण चौथाईवर आलं.

धुऱ्यात जमीन जाते म्हणता, तर त्यावर तूर लावा, गवत राहू द्या, गुरांना चारा होईल आणि बांध धरूनही राहील. नांगरताना दरवर्षी वीतभर धुरा कोरायचा आणि मग फुटला म्हणायचं, हेही आपल्या गावागावात चालतं (तुम्ही करता असं म्हणत नाही).

आता एक करा. वावराचा उतार कोणत्या बाजूला आहे, धुरा नेमका कुठं फुटला आणि वरच्या शेजाऱ्याचं पाणी तुमच्याकडे येतं का, एवढं खाली लिहा. शेजाऱ्याचं येत असेल तर एकट्याच्या सांडव्यानं भागणार नाही, त्याला सोबत घ्यावं लागेल, आणि तेव्हा कृषी सहायकाला दोघं मिळूनच भेटा.