पापलेटला एकदा तरी गाभोळी धरू द्या

तळहातात मावतील अशा पापलेटांचे वाटे बाजारात मांडलेले दिसले की मला मनापासून राग येतो. तो मासे विकणाऱ्या मावशींवर नसतो. आपण घेतो, म्हणून त्या मांडतात.

मासा वयात येतो म्हणजे काय, हे खाणाऱ्यांनाही ठाऊक हवं. सुरुवातीला त्याचं सगळं खाणं अंगाच्या वाढीला लागतं. पुरेसा मोठा झाला की त्यातलं बरंचसं गाभोळीकडे, म्हणजे पोटातल्या अंड्यांकडे वळतं. अभ्यासक निरनिराळ्या लांबीचे मासे चिरून गाभोळी कितपत तयार झाली आहे ते पाहतात. ज्या लांबीला निम्मे मासे प्रजननक्षम झालेले आढळतात, ती प्रथम परिपक्वतेची लांबी. म्हणजे त्या मापाचे उरलेले निम्मे मासे तेव्हाही कच्चेच असतात!

राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी 135 मिलिमीटर, बोंबलासाठी 180. पापलेट राज्यमासा झाला तोही त्याच वर्षी. नियम आला हे फार चांगलं झालं, पण साडेतेरा सेंटिमीटरचं पापलेट मी तरी घेणार नाही. मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी जास्त, आणि नुसती वाढतच नाहीत, कित्येक पटींनी वाढतात. शिवाय जाळ्याचा आस, म्हणजे त्याचं भोक, बारीक असेल तर कागदावरच्या लांबीचा उपयोग काय? जाळ्यातून वर आलेलं पिल्लू सहसा जगत नाही.

जिताड्याची गोष्ट आणखी वेगळी. रायगडकरांचा हा जीव की प्राण! तो आधी नर म्हणून वयात येतो, साधारण तीन-चार वर्षांचा झाल्यावर. आणखी काही वर्षांनी तोच नर मादी होतो. त्यामुळे खाडीत सापडलेला दहा किलोचा जिताडा बहुतेक वेळा मादीच असते. लहान मारले तर पुढे माद्या होणार नाहीत, आणि फक्त मोठे मारले तर आहेत त्या माद्याच संपतील. अशा माशाला एकच किमान माप लावून भागत नाही, काही मोठे जिताडेही पाण्यात राहायला हवेत. हेकरू (ग्रूपर) या माशाचं नेमकं उलट, तो आधी मादी आणि मग नर.

मोठं पापलेट परवडत नाही, हे मला मान्य आहे. मग त्या दिवशी मांदेली घ्या. ती बोटभर दिसली तरी पिल्लू नसते, पूर्ण वाढलेली मांदेली क्वचितच वीतभर भरते.