फक्त सात टेस्टवरून शॅकल्टनला मोजू नका

इंग्लंडमधल्या हॅम्पशायर काउंटीचा (म्हणजे तिथल्या परगण्याच्या टीमचा) मिडियम पेसर डेरेक शॅकल्टन, त्याचं नाव काढलं की कोणीतरी लगेच मोबाईलवर आकडे काढतं, सात टेस्ट, अठरा विकेट, ॲव्हरेज ४२, आणि म्हणतं "ठीकच होता की". मला याचा खरंच त्रास होतो. त्याच पानावर जरा खाली बघा ना, फर्स्ट क्लासमध्ये (काउंटीच्या आणि इतर अनेक दिवसांच्या मोठ्या मॅच) २८५७ विकेट, ॲव्हरेज १८.६५! दुसऱ्या महायुद्धानंतर करिअर सुरू केलेल्या एकाही बॉलरच्या यापेक्षा जास्त विकेट नाहीत. आजवरच्या सगळ्यांत तो सातवा येतो.

मूळचा यॉर्कशायरमधल्या टॉडमॉर्डनचा, जन्म १९२४ चा. हॅम्पशायरला आला तेव्हा तो बॅट्समन होता आणि थोडा लेगस्पिन टाकायचा. पण १९४८ ला टीमकडे नवा बॉल टाकायला धड कोणी नव्हतं म्हणून त्याला मिडियम पेस टाकून बघायला लावलं आणि मग पुढची वीस वर्षं त्याच्या हातातून बॉल कोणी काढून घेतलाच नाही. १९४९ ते १९६८, सलग वीस सीझन, दर सीझनला शंभर किंवा जास्त विकेट. सलग वीस वेळा हे दुसऱ्या कोणालाच जमलेलं नाही. यॉर्कशायरचा जुना स्पिनर विल्फ्रेड ऱ्होड्सने तेवीस वेळा केलं पण सलग नाही. आणि आता काउंटीचा बॉलर सीझनला चौदाच मॅच खेळतो, म्हणजे हा रेकॉर्ड कायमचा त्याच्याच नावावर.

मी स्वतः क्लबकडून काही वर्षं मिडियम पेस टाकलाय म्हणून सांगतो, दिवसभर एकाच टप्प्यावर टाकत राहणं काय असतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना पाठ आणि टाच सांगते. या माणसाने तीन-तीन दिवसांच्या मॅच, आठवड्यात सहा दिवस, मे ते सप्टेंबर, असं करत करत दीड लाखाच्या वर बॉल टाकले, आणि एका ओव्हरला सरासरी फक्त दोन रन! स्पीड काही फार नव्हता, पण शिवण सरळ ठेवून बॉल दोन्हीकडे हलवायचा आणि बॅट्समनला सोडायला किंवा मारायला बॉलच द्यायचा नाही. १९५५ ला वेस्टन-सुपर-मेअरला सॉमरसेटच्या आठ विकेट चार रनमध्ये, मॅचमध्ये २९ रनला चौदा.

लोक म्हणतात तेव्हा पीच झाकत नव्हते, पाऊस पडला की बॉलरची मजा. बरोबर आहे, फायदा झालाच. पण ते ओले पीच इंग्लंडमधल्या प्रत्येक बॉलरला मिळत होते की, मग बाकीच्यांनी का नाही काढल्या सलग वीस वर्षं शंभर-शंभर?

आणि टेस्टचं म्हणाल तर तो आला तेव्हा इंग्लंडकडे त्याच कामाला ॲलेक बेडसर होता, मग स्टॅथम, ट्रूमन, टायसन हे फास्ट बॉलर. १९५० ला ट्रेंट ब्रिजला पहिली टेस्ट खेळला तर इंग्लंडच्या पहिल्या इनिंगमध्ये सगळ्यात जास्त रन याचेच, ४२. पुढच्या वर्षी भारतात आला आणि दिल्लीला त्याच्यासमोर कोण, तर विजय मर्चंट १५४ आणि आपल्या सांगलीचे विजय हजारे नाबाद १६४. तसल्या पीचवर मिडियम पेसरने करायचं तरी काय! त्यानंतर अकरा वर्षांहून जास्त काळ त्याला टेस्ट टीममध्ये बोलावलंच नाही.

त्या वर्षांत हॅम्पशायरला मात्र त्याचा एक दिवसही सुटला नाही. १८९५ पासून काउंटी चॅम्पियनशिप (काउंट्यांची लीग) खेळणारी टीम, एकदाही जिंकलेली नव्हती, ती १९६१ ला जिंकली. बोर्नमथला डर्बीशायरच्या शेवटच्या इनिंगमध्ये शॅकल्टनने ३९ रनमध्ये सहा काढल्या तेव्हा. मला विचाराल तर हा स्पेल कुठल्याही टेस्टमधल्या पाच विकेटच्या वरचा आहे.

आणि मग १९६३, लॉर्ड्स. ३८ व्या वर्षी परत बोलावलं. वेस्ट इंडिजच्या पहिल्या इनिंगची शेपटी चार बॉलमध्ये तीन विकेट काढून गुंडाळली, मॅचमध्ये सात विकेट. शेवटच्या दिवशी शेवटची ओव्हर, वेस्ट इंडिजचा फास्ट बॉलर हॉल बॉलिंगला, इंग्लंडला आठ रन हवेत, क्रीजवर हाच. चौथ्या बॉलला बॅट लागली नाही, तरी समोरचा पार्टनर ॲलन पळाला, कीपरने बॉल वेस्ट इंडिजचा कॅप्टन वॉरेलकडे टाकला आणि वॉरेल थ्रो न करता बॉल हातात घेऊन स्वतः स्टंपपर्यंत पळाला. वॉरेल आणि शॅकल्टन दोघंही ३८ चे, दोघंही ऑगस्ट १९२४ चे. वॉरेल आधी पोचला, शॅकल्टन रन आउट. मग शेवटचा बॅट्समन म्हणून, हाताला प्लास्टर घातलेला इंग्लंडचा काउड्री पॅव्हिलियनमधून उतरला, त्याला एकही बॉल खेळावा लागला नाही, मॅच ड्रॉ. काउड्री सगळ्यांना आठवतो, पण चार बॉलमध्ये तीन विकेट कोणी काढल्या ते विचारा कोणालाही.

त्या सीरीजनंतर टेस्ट संपल्या. शॅकल्टन हॅम्पशायरला परत गेला आणि १९६४ पासून १९६८ पर्यंत अजून पाच वेळा शंभर विकेट पूर्ण केल्या, शेवटच्या वेळी वय ४४.