सीमाप्रश्न आणि बळ्ळारी नाला

नोव्हेंबर उजाडला की बेळगावच्या मित्रांकडून येणाऱ्या निरोपांचा विषय ठरलेला असतो. कर्नाटकच्या स्थापनादिनी, एक तारखेला, सीमाभागातले मराठी भाषक निषेध म्हणून पाळतात तो काळा दिन, त्यानंतर बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधमधले कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन, आणि मधेच कुणीतरी वैतागून विचारलेला प्रश्न की सीमाप्रश्नाचे होईल ते होईल, पण नळाला पाणी कधी सुटणार आणि गटारी कोण उपसणार? त्यावर दोन उत्तरे येतात. आधी महाराष्ट्रात जाऊ, मग सगळे मार्गी लागेल, हे एक. आणि आपले लोकच बेफिकीर आहेत, तुमच्या युरोपातले बघा, हे दुसरे. नेदरलँड्समधील आइंडहोवन शहरात राहून मी ही चर्चा वाचतो, आणि मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. दुसरे तर इथल्या अनुभवाशी जुळतच नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये बेळगाव महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा सुमारे निम्म्या मतदारांनी मतदान केले. पुढच्याच वर्षी, मार्च २०२२ मध्ये, नेदरलँड्सभर नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या आणि तिथे मतदान झाले सुमारे ५१ टक्के. म्हणजे घरी बसणारा निम्मा समाज इथेही आहे. तरीही नाले वाहते राहतात, कारण ते कुणाच्या उत्साहावर सोडलेले नाहीत. नद्या, बंधारे आणि सांडपाण्याची शुद्धी यांसाठी या देशात स्वतंत्र जलमंडळे आहेत. त्यांचा कर वेगळा गोळा होतो, त्यांची निवडणूक दर चार वर्षांनी होते, आणि शहरातून वाहणाऱ्या डोमेल नदीचे पाणी बिघडले तर कोणाला विचारायचे हे ठाऊक असते. नगरपालिकेच्या समित्यांच्या बैठकीत सामान्य रहिवाशाला उभे राहून काही मिनिटे बोलता येते. माझ्यासारख्या भारतीय नागरिकालाही पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झाल्यावर नगरपालिकेसाठी मत देता येते. त्यासाठी कुणी मातृभाषा विचारत नाही.

आता बेळगावकडे पाहू. राकसकोप आणि हिडकल ही दोन जलाशये पाठीशी असलेले हे शहर आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००८ मध्ये शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झाले, तेव्हा देशभरातून लोक ती योजना पाहायला आले. त्याच शहराच्या उरलेल्या भागांत कित्येक दिवसांनी एकदा पाणी सुटते आणि बायका त्या वेळेनुसार आपली कामे बांधून घेतात. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचे नाव आले. रस्ते उकरले गेले, काही चांगलेही झाले. पण शहराचे पाणी वाहून नेणारा बळ्ळारी नाला जलपर्णी आणि गाळाने तुंबलेलाच राहिला, आणि जोराच्या पावसाळ्यात शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर शिवारातली भाताची रोपे पाण्याखाली कुजतात. शेतकरी निवेदन देतात, तेव्हा नाला या खात्याचा की त्या खात्याचा, या प्रश्नापाशी कागद थांबतो. शहराचा कचरा तुरमुरी गावाला जातो. त्याच्या दुर्गंधीची तक्रार तिथल्या गावकऱ्यांनी करायची, आणि शहराने ती ऐकायचीही नाही, हे मला विशेष लागते.

याला बेफिकिरी म्हणण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २००५ मध्ये महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला म्हणून कर्नाटक सरकारने सभागृहच बरखास्त केले. २०११ मध्ये सभागृह पुन्हा बरखास्त झाले. पुढे २०१९ मध्ये मुदत संपली, निवडणूक २०२१ मध्ये झाली आणि महापौर निवडला गेला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटना सांगत असताना चार वर्षे कारभार प्रशासकांकडे होता. ज्या दारामागे कुणी बसलेलेच नाही, ते दार लोक किती दिवस ठोठावतील? उदासीनता अशा शहरात शिकवली जाते, आणि दोन-तीन पिढ्यांत ती अंगवळणी पडते.

पण सगळा दोष बेंगळूरला देऊनही चालणार नाही. बेळगाव महाराष्ट्रात यावे म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नगरसेवकांच्या हाती हे सभागृह अनेक वर्षे होते. भाषेचा लढा त्यांनी निष्ठेने लढवला, तुरुंगवास आणि लाठ्या सोसल्या; मराठीतून परिपत्रके मिळावीत ही मागणी आजही न्याय्यच आहे. मात्र नालेसफाईचा हिशेब मागणे हाही त्याच लढ्याचा भाग आहे, हे समितीने मतदारांना कधी पुरेसे सांगितले नाही.

आइंडहोवनपासून फार लांब नसलेले बार्ले नावाचे गाव मला या संदर्भात नेहमी आठवते. बेल्जियम आणि नेदरलँड्स यांची हद्द तिथे गल्लीबोळांतून, काही ठिकाणी घरांमधून जाते. तिथल्या काही जमिनींचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १९५९ मध्ये निकाल बेल्जियमच्या बाजूने लागला. गावात आजही दोन नगरपालिका आणि दोन महापौर आहेत, पण गावाचे सामाईक प्रश्न ते संयुक्त बैठकीत बसून सोडवतात. हद्दीच्या दोन्ही बाजूंना तिथे भाषा एकच आहे, त्यामुळे आपल्या दुःखाची तुलना त्यांच्याशी होऊ शकत नाही, हे मान्य. परंतु हद्दीचा वाद आणि गावाचा कारभार एकाच वेळी चालू शकतात, एवढे तरी तिथे दिसते. सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तिथे आपल्या गतीने चालेल. तोवर नाला तुंबलेला ठेवल्याने आपली बाजू बळकट होत नाही.

आणि आपल्याकडे माणसांची वानवा नाही. ज्या गल्लीतले पंच आणि युवक मंडळे शिवजयंतीचे चित्ररथ उभे करतात, वर्गणीचा पैसा न् पैसा फलकावर लिहितात, आणि विसर्जन मिरवणूक रात्रभर सांभाळून दुसऱ्या दिवशी शेवटास नेतात, त्यांना प्रभागाचा जमाखर्च वाचता येणार नाही असे कोण म्हणेल? तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, असे घटनेतच लिहिले आहे. आपल्या प्रभागाची समिती कधी बसली आणि तिचे इतिवृत्त कुठे मिळेल, हे पंचांनी मराठीतून लेखी विचारावे, आणि कानडी शेजाऱ्यांची सहीही त्याच अर्जावर घ्यावी, कारण पाणी त्यांच्याही नळाला येत नाही.

पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे मोजली तर सध्याच्या सभागृहाची मुदत २०२८ च्या सुरुवातीला संपते. मागच्या वेळी निवडणूक अडली ती प्रभागरचना आणि आरक्षणाच्या वादात. ते काम या वेळी वर्षभर आधी पुरे करा, अशी मागणी आतापासून केली नाही, तर पुन्हा काही वर्षे प्रशासकच राहतील आणि वडगावच्या शेतकऱ्याला आपले निवेदन नेमके कोणाच्या हाती द्यायचे ते कळणार नाही.