आधी विसार, मग विचार

सोलापुरात राहून सेकंडहँड डिझेल फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, घ्यावीशी वाटणं हे तब्येत ठणठणीत असल्याचं लक्षण आहे. आपल्याकडे डोंगर म्हणजे तुळजापूरचा घाट, तोही डांबरी. बर्फ म्हणजे काडीला लावलेला, वर काला खट्टा. पाऊस आला तर लोक छत्री शोधत नाहीत, दारात येऊन बघत उभे राहतात. तरी गाडी घ्यायचीच. लग्नाला साध्या गाडीतून गेलात तर ‘जरा पुढं लावा’ म्हणतात. फोर बाय फोरमधून गेलात तर मांडवाच्या दारात दोन मोटरसायकली हलवून जागा करून देतात. याहून फालतू कारणांसाठी लोकांनी याहून मोठी कर्जं काढलेली आहेत.

घरी ‘टूरिंग’ म्हणून सांगा, मित्रांत ‘टोचन’ म्हणून. घरच्यांना हंपी, कोकण, जमलं तर लडाख दिसलं पाहिजे. मित्रांना रात्री अडीचला मोहोळजवळ बंद पडलेली त्यांची गाडी आणि दोर घेऊन निघालेले तुम्ही दिसले पाहिजेत.

गाडी बघायला एप्रिलातच जा, आणि दुपारी दोनला जा. डिझेल इंजिनाची परीक्षा ते रात्रभर थंड पडल्यावर पहिल्या स्टार्टला होते: सेल्फ किती वेळ मारावा लागतो, धूर किती आणि कुठल्या रंगाचा. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. निळा म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबेना, तर हेड गॅस्केटमधून पाणी आत जात असल्याचा संशय. म्हणून एजंट तुम्ही यायच्या आधी गाडी एक चक्कर फिरवून ठेवतो. इतर गावांतली चलाख गिऱ्हाइकं आल्याआल्या बॉनेटवर हात ठेवून हे पकडतात. आपल्याकडे पारा बेचाळीसवर असताना चार दिवस न हललेल्या गाडीचं बॉनेटही भाकरी भाजण्याइतकं तापलेलं असतं, त्यामुळे एजंट निर्दोष सुटतो. सकाळी सहाला जाऊन त्याची झोपमोड करणं बरं दिसत नाही.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून बघायचा मोह होईल. आतून भकाभका धूर आला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात असं मेस्त्री म्हणेल. एजंट म्हणेल, ‘डिझेल हाय साहेब, श्वास घेतंय की.’ दोघांतलं दुसरं वाक्य जास्त काव्यमय आहे, ते स्वीकारा. मेस्त्रीला आणायचंच असेल तर विसार दिल्यावर आणा, म्हणजे तो काही बोलला तरी उपयोग नाही.

आता मुख्य विषय, चार चाकं. गाडी फोर बाय फोर आहे हे मागच्या स्टिकरवरून ओळखावं. वाकून खाली बघितलं की पँट मळते. बघितलं असतं तर पुढच्या एक्सलकडे जाणारा शाफ्ट आहे की नाही ते कळलं असतं, पण सगळंच कळून घेणारा माणूस गाडी घेतच नाही. थार म्हटली की फोर बाय फोर, असं पारावर ठाम मत आहे. जानेवारी २०२३ मध्ये दीड लिटर डिझेल इंजिनाची, फक्त मागची चाकं ओढणारी थार बाजारात आली. दिसायला तितकीच दांडगी. मांडवाच्या दारात तिलाही जागा मिळते, तेव्हा खरं तर इथेच हा लेख संपायला हवा.

पण तुम्हाला फोर बाय फोरचा लिव्हर हवाय. तो हलवून बघा म्हटल्यावर एजंट होटगी रोडच्या कोरड्या डांबरावर फोर हायमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडून, गाडी गरकन वळवेल. गाडी अडखळेल, टायर ओरडतील. ‘बघा, चारी चाकं कशी जोर लावत्यात!’ त्या चाकांचं भांडण चाललेलं असतं. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा पडतो. पार्ट-टाइम, म्हणजे लिव्हर टाकल्यावरच चारही चाकं जोडणाऱ्या फोर बाय फोरला पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारा डिफरन्शियल मधे नसतो, पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेला. मातीत चाकं घसरून हिशोब मिटवतात, डांबरावर घसरायला मिळत नाही आणि सगळा ताण दोन्ही शाफ्टना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. एवढं सांगत बसू नका, टाळ्या वाजवा. अनेक गाड्यांत हा लिव्हर वर्षानुवर्षं कुणी हलवलेलाच नसतो. माझ्या गाडीचा पहिल्यांदा हलला तो थेट हातात आला.

मीटरवर विश्वास ठेवा. एजंट सांगेल, गाडी एका डॉक्टरांची, दर पौर्णिमेला तुळजापूर, बाकी शेडमध्ये. तुळजापूर ४५ किलोमीटर. जाऊन-येऊन ९०, बारा पौर्णिमांचे १,०८०, बारा वर्षांचे साधारण १३ हजार. मीटर दाखवतंय ७८ हजार. उरलेले ६५ हजार आई भवानीलाच ठाऊक. आणि गाडी तुळजापूरऐवजी पुण्याला जाणारी असती तर? अडीचशे जायला, अडीचशे यायला, आठवड्याला एक फेरी म्हटली तरी वर्षाला २६ हजार. तेव्हा ७८ हजार हा आकडा दोन्हीकडून खोटा वाटतो, म्हणजे बहुधा मधला मार्ग काढलेला असणार. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालंय का, हे बघू नका. डॉक्टरांचा पाय जड असेल. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर मीटर कुणी हात न लावताही कमी पळतं, ही तर देवाची करणी.

सीटबेल्टही शेवटपर्यंत ओढू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला. त्यात बुडून निघालेल्या गाडीचे सीट कव्हर बदलता येतात, कार्पेट धुता येतं, पण बेल्टच्या गुंडाळीच्या तळाशी गाळाची रेघ राहून जाते. दुष्काळी भागातल्या माणसाला पाण्याचं एवढं वावडं नसावं.

स्वस्तात हवी असेल तर दिल्ली पासिंगची घ्या. हरित लवादाने २०१५ मध्ये तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली, आणि तिथे रिटायर झालेल्या गाड्या आपल्याकडे नव्याने नोकरीला लागल्या. मग तिकडची एनओसी, इकडचा रोड टॅक्स, एमएच १३ चा नंबर. बँकेचा बोजा आरसीवरून उतरलाय का, हे नंतर बघू. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म कोरेच सही करून दिलेत म्हणजे समोरचा माणूस विश्वासू आहे. आधीच्या मालकाची चलनं वारसाहक्काने तुमच्याकडे येतील.

पुढे लोखंडी बुल बार हवाच. डिसेंबर २०१७ पासून केंद्राने त्यावर कारवाई करायला सांगितलंय, पण आपल्यासमोर बैल, म्हैस किंवा मतदार कधी येईल सांगता येत नाही.

टूरिंगबद्दल फार लिहीत नाही. वर कॅरिअर, मागे शिडी, बाजूला जेरीकॅन लावून तुम्ही अक्कलकोटला जाऊन याल.

टोचनचं मात्र मनावर घ्या. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी, तेव्हा मेव्हणा म्हणणारच, ‘दाजी, तुमची गाडी दांडगी हाय, टँकर ओढू की.’ लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. पाच हजार लिटरचा टँकर म्हणजे पाच टन, लोखंड वेगळं. तुमची गाडी जेमतेम दोन टनांची. डिझेलचा टॉर्क आहे, सपाटीला ओढेलही, क्लच प्लेटचा वास येईपर्यंत. पण पुढे म्हैस आडवी आली आणि ब्रेक दाबला की मागचे पाच टन, तेही डुचमळणारे, तुम्हाला म्हशीकडे ढकलत नेतील. म्हणून टँकरला स्वतःचे ब्रेक लागतात आणि हूक चेसिसला लागतो. आपला हूक बंपरला वेल्डिंग करून घ्या. काही झालंच तर बंपरच टँकरबरोबर जाईल, गाडी वाचेल.

आणि शेवटी सप्टेंबर येईल. परतीचा पाऊस मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मनसोक्त पडेल, आणि तुम्ही मामांना गाडीची ताकद दाखवायला ती बांधावरून आत घालाल. काळी माती टायरच्या खाचांत भरते, चारही चाकं एकसारखी गुळगुळीत होतात आणि एकदिलाने जागेवर फिरतात. साधी गाडी बांधालगतच रुतली असती. तुमची रानाच्या मध्यापर्यंत गेली. जादाचे पैसे त्याचेच होते.

मामा चप्पल हातात घेऊन बांधावर उभे राहतील. ‘कशाला घातली रं आत? वापसा तरी येऊ द्यायचा की.’ ट्रॅक्टरचं नाव काढलंत तर अंगावर येतील. ओल्या रानात ट्रॅक्टर घातला की माती दाबून बसते, मग ज्वारी पेरायची कुठं? ऊन पडलं तर चार-पाच दिवसांत रान सुकून वापसा येईल. तोवर बांधावर बसून शेंगाचटणी-भाकरी खा, आणि रेंज मिळाली तर एजंटला फोन लावून गिऱ्हाईक बघायला सांगा. सांगायला काय, ते त्याच्याकडे तयारच असतं:

‘पाव्हणं, शेतकऱ्याची गाडी हाय. जागची हललेली न्हाई.’