दुसऱ्याने माघार केव्हा घ्यावी?

अमेरिकेत पक्षाच्या उमेदवारीची शर्यत सुरू झाली आणि त्यात एखादा मागे पडला, की त्याने आता थांबावं का यावर तुमचं मत असायलाच हवं. आपल्याकडे हा पेच फार टिकत नाही. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दुपारी तीनच्या आत बंडोबांचा थंडोबा होतो. महामंडळ कुठलं मिळालं ते नंतर कळतं. तिकडे मात्र जानेवारी ते जून राज्याराज्यांत मतदान चालतं, त्यामुळे मतही पाच-सहा महिने पुरवून वापरावं लागतं.

अभ्यासाला 2008 घ्या. बराक ओबामा पुढे, हिलरी क्लिंटन मागे. आधी आपला उमेदवार कोण ते ठरवा. तत्त्वं त्यानंतर आपोआप सुचतात.

तुमचा उमेदवार पुढे असेल, तर तुम्ही गणिती. फेब्रुवारीत ओबामांनी सलग अकरा लढती जिंकल्या. डेमोक्रॅटिक पक्षात अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात. म्हणूनच एप्रिलमध्ये क्लिंटनबाईंनी पेन्सिल्व्हेनियासारखं मोठं राज्य नऊ टक्क्यांनी मारलं, तरी फरक भरून निघाला जेमतेम डझनभर प्रतिनिधींचा. हे सांगताना चेहरा दुःखी ठेवा. ‘बाईंबद्दल आदर आहेच, पण...’ अशी सुरुवात शोभते. सिनेटर पॅट्रिक लेही यांनी तर मार्चअखेरीसच बाईंनी थांबावं असं सांगून टाकलं. पेन्सिल्व्हेनियाचं मतदान तेव्हा तीन आठवड्यांहून लांब होतं, पण लेही स्वतः ओबामांचे समर्थक असल्यामुळे त्यांना पक्षाची काळजी जरा लवकर लागली.

तुमचा उमेदवार मागे असेल, तर तुम्ही लोकशाहीचे पहारेकरी. ‘प्रत्येक मत मोजलं गेलंच पाहिजे’ हे वाक्य पाठ करा. त्यासाठी मिशिगन आणि फ्लोरिडा हाताशी ठेवा. या दोन राज्यांनी ठरल्या तारखेआधी मतदान उरकलं, म्हणून पक्षाने त्यांचे सगळे प्रतिनिधी रद्द केले होते. मिशिगनच्या मतपत्रिकेवरून ओबामांनी आपलं नावही काढून घेतलं होतं. तिथली मतं मोजा आणि ओबामांच्या शून्यासह बेरीज करा. देशभरात आपणच पुढे असल्याचं सिद्ध होतं. लाजू नका. क्लिंटनबाईंचे सल्लागार हॅरॉल्ड इकीज यांचा आदर्श समोर ठेवा. 2007 मध्ये फ्लोरिडाला शिक्षा करायच्या बाजूने पक्षाच्या नियम समितीत त्यांनी मत दिलं आणि 31 मे 2008 रोजी, त्याच समितीत बसून, क्लिंटन यांच्या बाजूने या मतदारांवरच्या अन्यायाबद्दल ते संतापले. समितीने दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींना अर्धं-अर्धं मत दिलं. लोकशाही अर्धी वाचली.

मधल्या काळात भूगोल सुधारून घ्या. 3 मे रोजी ओबामांनी अमेरिकेच्या ताब्यातलं ग्वाम बेट सात मतांनी जिंकलं. नोव्हेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीत ग्वामला मतच नसतं, पण त्या आठवड्यात तिथल्या जनभावनेवर ठामपणे बोलता आलं पाहिजे.

7 जूनला क्लिंटन यांनी प्रचार ‘स्थगित’ केला. अशा वेळी ‘माघार’ म्हणायचं नाही, कारण स्थगितीत प्रतिनिधी हातचे जात नाहीत आणि प्रचाराचं कर्ज फेडायला देणग्या गोळा करता येतात. बाईंच्या प्रचारावर तेव्हा दोन कोटींहून जास्त डॉलरचं कर्ज होतं. पक्ष फुटणार म्हणून तुम्ही रडला असाल, तर नोव्हेंबरकडे फार बारकाईने बघू नका. 1964 नंतर पहिल्यांदाच इंडियाना डेमोक्रॅट उमेदवाराकडे गेलं. लांबलेल्या शर्यतीमुळेच मे महिन्यात तिथे दोघांनाही गल्लोगल्ली माणसं उभी करावी लागली होती.

ही तत्त्वं फेकू मात्र नका, 2016 ला जशीच्या तशी लागतात. या वेळी पुढे क्लिंटन, मागे बर्नी सँडर्स. आता गणित शिकवायची पाळी बाईंच्या माणसांची. ज्यांना प्रतिनिधी म्हणून कुणी निवडून पाठवलेलं नव्हतं, तरी अधिवेशनात मत होतं, अशा सुपरडेलिगेटांवर टीका करून झाल्यावर, त्यांनीच निकाल फिरवावा अशी आशा धरायची पाळी सँडर्स यांची. त्यांनी पाठिंबा जाहीर केला 12 जुलैला, म्हणजे 2008 च्या बाईंपेक्षा महिनाभर उशिरा, आणि हा उशीर पक्षाला किती महाग पडणार हे क्लिंटन-समर्थकांनी पोटतिडकीने सांगितलं. तुम्हीही सांगा. फक्त आठ वर्षांपूर्वी मित्रांना पाठवलेले ईमेल आधी पुसून टाका.