खासदारकीचा फॉर्म भरायचाय? मग आमदारकी आधी सोडा

२०२४ च्या लोकसभेला आमच्या सोलापुरात दोन्ही प्रमुख उमेदवार चालू आमदार होते. काँग्रेसकडून शहर मध्यच्या प्रणिती शिंदे आणि भाजपकडून माळशिरसचे राम सातपुते. निकाल काहीही लागो, हरणाऱ्याची आमदारकी शाबूत राहणार हे फॉर्म भरतानाच ठरलेलं होतं. प्रणितीताई ७४ हजारांवर मतांनी निवडून आल्या. सातपुते पडले, आणि दुसऱ्या दिवशी माळशिरसचे आमदार होतेच.

दोघांवरही माझा वैयक्तिक राग नाही. राग आहे तो हे चालवून घेणाऱ्या कायद्यावर.

तो उन्हाळा आठवा. उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायचा साठा संपलेला, शहरात नळाला पाणी कधी येईल याची रोज चौकशी, आणि माळशिरस तालुका तर सरकारनेच दुष्काळी जाहीर केलेला. अशा एप्रिल-मेमध्ये तिथला आमदार मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट पालथं घालत होता. माळशिरस येतं माढा लोकसभेत. म्हणजे आपला आमदार दिल्लीला जावा की नको, हे मतपेटीतून सांगायची सोयही तिथल्या मतदाराला नव्हती.

आणि जिंकल्यावर काय झालं? खासदार झालेल्या आमदाराला चौदा दिवसांत विधानसभा सोडावी लागते, नाहीतर खासदारकी जाते. त्याप्रमाणे राजीनामे झाले. विधानसभेची मुदत वर्षाच्या आत संपणार होती, म्हणून पोटनिवडणूक नाही. जूनअखेर मुंबईत अधिवेशन भरलं, लाडकी बहीण त्याच अर्थसंकल्पात जाहीर झाली, आणि शहर मध्यच्या वतीने सभागृहात बोलायला कोणी नव्हतं. धारावीचंही तेच, कारण वर्षा गायकवाड खासदार झालेल्या. पुनर्विकासावरून एवढं रान पेटलेलं असताना धारावीला आमदार नाही! वरोरा, पैठण, दर्यापूर, जोगेश्वरी पूर्व, सगळीकडे नोव्हेंबरपर्यंत हीच गत. चंद्रपूरला मुनगंटीवार राज्यात मंत्री असताना लढले, हरले आणि मंत्रीच राहिले.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. त्याच निवडणुकीत पारनेरचे निलेश लंके आणि उमरेडचे राजू पारवे यांनी मात्र आधी आमदारकी सोडली होती. का? दोघांना दुसऱ्या पक्षाकडून उभं राहायचं होतं आणि पक्षांतरबंदीची टांगती तलवार होती. लंके जिंकले, पारवे रामटेकला हरले आणि हातात काहीच उरलं नाही. म्हणजे आपल्याकडे पक्ष सोडला तर पद जातं, मतदारांना सोडून निघालं तर जात नाही. पाच वर्षांसाठी मत कोणी दिलं होतं, पक्षाने की आम्ही?

साध्या तलाठ्याला निवडणूक लढवायची असेल तर आधी नोकरी सोडावी लागते. पडला तर घरी बसायचं. त्याच्या पोराबाळांची काळजी कायद्याला नाही. आमदाराला मात्र दोन्ही डगरींवर हात ठेवायची मुभा.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या नगरसेवकाला महापौरपदासाठी उभं राहायचं तर आधी पद सोडावं लागतं. २०२२ मध्ये शेरेल पार्कर यांच्यासह अनेक नगरसेवकांनी त्यासाठी राजीनामे दिले. पार्कर पुढच्या वर्षी शहराच्या पहिल्या महिला महापौर म्हणून निवडून आल्या. बाकीच्यांना महापौरपद मिळालं नाही आणि जुनी खुर्चीही राहिली नाही. कठोर आहे, पण मला हेच रास्त वाटतं.

यावर हमखास येणारा प्रश्न: राजीनामा आधी घेतला तर जागा आणखी लवकर रिकामी होईल, मग मतदाराचा फायदा काय? खरं आहे, जे सोडतील त्यांच्या मतदारसंघात होईल. पण पडल्यावर परतायची वाट बंद झाली की सोडणारेच कमी होतील. पक्षही मग हक्काचा आमदार पणाला लावण्याआधी दहादा विचार करतील आणि वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणाऱ्या एखाद्या कार्यकर्त्याला तिकीट देतील. आज तो बिचारा सगळं पणाला लावून उभा राहतो आणि समोरचा काहीच न लावता.

माझी मागणी एवढीच: लोकसभेचा अर्ज वैध ठरला आणि माघारीची मुदत संपली, की त्या क्षणी आमदारकी रद्द. राजीनाम्याची वाट बघायची नाही, अध्यक्षांच्या मंजुरीचीही नाही.

२०२९ ला आधी लोकसभा आणि काही महिन्यांनी विधानसभा, हाच क्रम पुन्हा येणार आहे. तोवर कायदा बदलला नाही, तर प्रचाराला दारात आलेल्या प्रत्येक चालू आमदाराला मी विचारणार आहे, कोणत्याही पक्षाचा असो: राजीनामा दिलात का? तुम्हीही विचारा.