आधार ब्लॉकचेनवर नेल्याने ओळखीचा प्रश्न सुटत नाही

आधारची माहिती फुटल्याची बातमी आली, की एक मजकूर हटकून फिरू लागतो. त्याचा सारांश असा: आधार आणि सगळे सरकारी दाखले ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या आणि मागाहून बदलता न येणाऱ्या नोंदींच्या साखळीवर, टाका. मग बोगस दाखले संपतील, माहिती चोरीला जाणार नाही, ओळख सरकारच्या हातातून नागरिकाच्या हातात येईल, आणि साखळीवर गेलेलं कायमचं टिकेल. एस्टोनियाने हे केव्हाच करून दाखवलंय. तंत्रज्ञानात काम करणारी माणसंही तो विश्वासाने पुढे पाठवतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासून बघायला हवा.

“बोगस दाखले संपतील.”

याचा अंदाज घ्यायला परदेशात जायची गरज नाही. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात सुमारे ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन या सार्वजनिक ब्लॉकचेनला जोडण्याचा प्रकल्प जाहीर झाला. यात दाखल्याचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, साखळीवर ठेवतात. पुढे कुणी दाखल्यातलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही. संगणकावर खाडाखोड करून बनवलेला कागद त्यामुळे पकडला जातो. हा फायदा खरा आहे आणि तो मान्य करायलाच हवा.

पण खऱ्या आदिवासींच्या राखीव जागा ज्या दाखल्यांनी बळकावल्या गेल्या, ते सगळे काही छापखान्यात बनले नव्हते. कितीतरी दाखले सरकारी कार्यालयातूनच, सही-शिक्क्यानिशी, रीतसर मिळालेले होते. खोटा होता तो अर्जदाराचा दावा. म्हणून तर महाराष्ट्रात नुसत्या दाखल्यावर भागत नाही, जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. समिती वडील-आजोबांच्या शाळेच्या आणि महसुली नोंदी मागते, संशय आला तर दक्षता पथक गावात जाऊन चौकशी करतं. दावा अवैध ठरला तर त्यावर मिळवलेली नोकरी किंवा प्रवेश राखता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणांत स्पष्ट केलं.

हा दाखला प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयातून निघाला, एवढंच ब्लॉकचेन सांगू शकते. तो निघायला हवा होता का, हे तिला कळण्याचा मार्गच नाही. खोट्या माणसाला मिळालेला दाखला साखळीवर गेला तर तो अधिकच भरवशाचा दिसू लागतो, आणि त्याने ज्याची जागा घेतली त्याला दाद मागणं आणखी जड जातं.

“माहिती चोरीला जाणार नाही.”

आधी माहिती फुटते कुठून ते बघा. एप्रिल २०१७ मध्ये झारखंड सरकारच्या एका संकेतस्थळावर दहा लाखांहून जास्त पेन्शनधारकांचे आधार क्रमांक उघडे पडले होते. मध्यवर्ती आधार भांडार कुणी फोडल्यामुळे हे झालं नव्हतं. एका खात्याने स्वतःकडे गोळा केलेली माहितीच चव्हाट्यावर आली होती. लॉजच्या काउंटरवर, सिमकार्डाच्या दुकानात, भाडेकराराच्या फायलीत आपण आधारच्या झेरॉक्स देत राहतो. ब्लॉकचेन त्यातली एकही झेरॉक्स परत आणत नाही.

यावर उत्तर येतं, की साखळीवर आधार क्रमांक ठेवणारच नाही, फक्त त्याचा हॅश ठेवू, आणि हॅश उलटा फिरवता येत नाही. इथे थोडं थांबून हिशेब करू. आधारचे आकडे १२. पहिला आकडा ० किंवा १ नसतो, आणि शेवटचा आधीच्या ११ आकड्यांवरून ठरतो. म्हणजे शक्य असलेले सगळे क्रमांक भरतात ८,००० कोटी. माणसाला ही संख्या प्रचंड वाटते, पण आजचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी हॅश काढतं. हॅश उलटा फिरवायची गरजच पडत नाही. सगळे क्रमांक एकामागून एक हॅश करून जुळवून बघायचे, काम मिनिटभराचंही नाही. प्रत्येक क्रमांकात एक लांब गुप्त संख्या मिसळून हॅश केला तर हा मार्ग बंद होतो. पण मग ती गुप्त संख्या कुणीतरी सांभाळायला हवी, म्हणजे ज्या मध्यवर्ती भांडारापासून सुटका हवी होती तेच दुसऱ्या नावाने परत आलं.

सार्वजनिक साखळीवर गेलेलं पुसताही येत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात चूक दुरुस्त करून घेण्याचा आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. युरोपच्या माहिती संरक्षण मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही वैयक्तिक माहिती साखळीवर ठेवणं शक्यतो टाळा असंच म्हटलंय.

“ओळख नागरिकाच्या हातात येईल.”

मला सगळ्यात जास्त काळजी या दाव्याची वाटते. हातात येते ती एक खाजगी किल्ली, मोबाइलमधला एक लांबलचक आकडा. तो हरवला तर परत मिळवायला १२ किंवा २४ शब्दांची यादी जपून ठेवायची. घरात एकच फोन, तोही मुलाकडे, अशा घरातल्या आजीने ही यादी कुठे ठेवायची? शेतमजुराचे ठसे झिजलेले असतात, रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही, आणि तिथे दुकानदाराने वहीवर नोंद करून धान्य द्यावं म्हणून आपण भांडतो. ओळख पटवण्याचा एक मार्ग बंद पडला तर दुसरा उघडा असला पाहिजे, यासाठीच ते भांडण आहे. हरवलेल्या किल्लीसाठी मात्र साखळीकडे दुसरा मार्ग नाही. तो हवा असेल तर पुन्हा एखादं कार्यालय लागतं, खरा माणूस कोण हे ठरवणारा अधिकारी लागतो.

शिवाय रेशन कार्ड द्यायचं की रद्द करायचं हे पुरवठा खातंच ठरवणार. वॉलेट, म्हणजे किल्ली आणि दाखले ठेवणारं मोबाइलमधलं अॅप, तुमच्याकडे असलं म्हणून तो अधिकार तुमच्याकडे येत नाही.

“एस्टोनियाने केलंय.”

एस्टोनियाचं ओळखपत्र २००२ पासून आहे, आणि ते चालतं चिपमधल्या किल्लीवर आणि डिजिटल सहीवर. सरकारी खात्यांना जोडणाऱ्या एक्स-रोडमध्ये ब्लॉकचेन नाही, हे ती यंत्रणा सांभाळणाऱ्या संस्थेनेच जाहीरपणे सांगितलंय. तिथे काही सरकारी नोंदींमध्ये मागाहून फेरफार झाला तर कळावा म्हणून हॅशची साखळी वापरतात. नागरिकांची माहिती त्या साखळीवर नसते. २०१७ मध्ये साडेसात लाखांहून जास्त कार्डांच्या चिपमध्ये दोष सापडला, तेव्हा सरकारने ती प्रमाणपत्रं थांबवली आणि नवी दिली. जबाबदार असा एक मध्यवर्ती प्रदाता होता म्हणूनच हे जमलं.

एस्टोनियाकडून घ्यायचंच असेल तर एक गोष्ट घ्यावी: कोणत्या खात्याने माझी माहिती कधी पाहिली, हे तिथला नागरिक स्वतः बघू शकतो. आपल्याकडे आधार कुठे वापरलं गेलं याचा मागच्या सहा महिन्यांचा इतिहास दिसतो, पण पोलीस, महसूल, आरोग्य अशा खात्यांत कुणी माझी फाइल उघडली हे कळत नाही.

“एकदा साखळीवर गेलं की कायमचं.”

ओळखीसाठी खास उभारलेलं सोव्हरिन हे नेटवर्क २०२५ मध्ये बंद झालं. भूतानने २०२३ मध्ये राष्ट्रीय डिजिटल ओळख सुरू केली ती हायपरलेजर इंडी या ब्लॉकचेनवर. पुढच्या वर्षी पॉलिगॉनकडे वळले, आणि २०२५ मध्ये इथेरियम या आणखी एका ब्लॉकचेनवर जाण्याची घोषणा झाली. तरीही भूतानच्या लोकांची ओळख बुडाली नाही, कारण त्यांची माहिती कधी साखळीवर नव्हतीच. ती त्यांच्या फोनमध्ये, सरकारच्या डिजिटल सहीसह होती. तशी सही आपल्या आधारच्या क्यूआर कोडमध्ये आजही आहे, आणि ती इंटरनेटशिवाय तपासता येते. लॉजवाल्याने झेरॉक्स मागण्याऐवजी तो कोड स्कॅन करावा, एवढा नियम जरी अमलात आला तरी गळतीचं एक मोठं भोक बुजेल, आणि त्यासाठी कोणतीही साखळी लागणार नाही.